कोहळ्याचा दमा

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण मानेवाड्यातल्या एका गाळ्यात शंभर माणसं दाटीवाटीनं उभी होती. गाळ्यात गुलाबी मिठाच्या विटांची गुहा होती, आणि त्या गुहेतली भिंत म्हणे रडायची. रोग्याला घरच्या माणसानं आत नेऊन स्टुलावर बसवायचं, दृष्ट लागू नये म्हणून डोक्यापासून पायापर्यंत शाल पांघरायची, की महाराज शंख फुंकणार. अर्ध्या तासात रोग्यामागची भिंत ओली होऊन थेंब ओघळायचे. काचेतून ते सगळ्यांना दिसे.

"देखा?" लवणानंद महाराज म्हणायचे. "पेशंटचा सगळा कफ मिठानं खेचला. टोटल नॅचरल! जितना पुराना दमा, उतनी दीवार रोएगी."

अकराव्या बैठकीला पंपदान असे. म्हणजे दम्याचा पंप दाराजवळच्या माठात टाकायचा आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. माठ गळ्यापर्यंत भरला होता. आवळा देऊन कोहळा काढतात हे ऐकून होतो, हा पठ्ठ्या चिमूटभर मीठ देऊन माणसाचा श्वासच काढून घेत होता.

आज पाळी रुपरावांची होती. सावनेरकडच्या कोळसा खाणीत तीस वर्षं काढलेला माणूस. जिना चढला की छाती शिट्टी वाजवायची. त्यांची बायको प्रयागबाई उडदाचे पापड करून विकायची. गेले दहा दिवस तिच्या जिवाला घोर लागला होता. दवाखान्यातल्या भावना डॉक्टरनं बजावलं होतं, "काका, मिठाच्या खोलीत बसून बरं वाटत असेल तर बसा. पण पंप सोडलात, तर एखाद्या दिवशी माझ्यापर्यंत पोचणारही नाही." काकांनी मान डोलावली होती आणि ऐकलं होतं महाराजांचं.

"अवो, नका टाकू," माठापाशी प्रयागबाईनं शेवटचं सांगून पाहिलं.

"तुले काय समजते वं? भिंत रडून राहिली, ते दिसत नाही?"

आणि टाकलाच. पंपाला लाल दोरा होता. पापडाच्या लाट्या कापायचा तो दोरा, हरवू नये म्हणून तिनंच बांधलेला. माठात तो दिसेनासा झाला तशी प्रयागबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाठोपाठ राग आला.

आत आधीच्या रोग्याची बैठक संपत आली होती. शंख केव्हाच थांबला होता, तरी भिंतीमागून घरघर ऐकू येत होती. कूलर! आता मे महिन्यातल्या नागपुरात कूलरकडे कोण बघतो? घराला दार असतं तसा खोलीला कूलर असतो. पण प्रयागबाईचं कूलरशी जुनं वैर होतं. कूलरच्या खोलीत ठेवलेले तिचे पापड कधी कडक राहिले नव्हते. पापडातलं मीठ कूलरच्या ओल्या हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पापड चामड्यासारखे होतात.

तिच्या पिशवीत बाजारातून घेतलेलं भलंमोठं कोहळं होतं. तिनं नवऱ्याला गर्दीच्या मागं ढकललं. "गुमान उभे राहा इथं." मग एकटीच आत गेली, काचेकडे पाठ करून कोहळं स्टुलावर बसवलं, वरून शाल पांघरली आणि खाली मान घालून बाहेर आली.

महाराजांनी डोळे अर्धे मिटून शंख फुंकला. शालीवर हात ठेवला. "हूं! अंदर बहोत कोयला है." भिंत ओघळू लागली. "इतना पुराना दमा! रुपरावजी, अब छाती एकदम फ्री!"

स्वतःवर चाललेला उपचार काचेतून पाहताना रुपरावांचं तोंड उघडंच राहिलं.

प्रयागबाईनं आत जाऊन शाल ओढली. "महाराज, कोहळ्याले कधीपासून दमा आहे जी?"

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि अख्खा गाळा हसायला लागला.

"माताजी," महाराज सावरले, "फल में भी प्राण होता है. रुपरावजी का रोग त्यात उतरला."

"बरं. " तिनं नवऱ्याला पुढे ओढलं. "मग आता यायले बसवा, आन् कूलर बंद ठेवा."

तिनं पदरानं भिंत कोरडी केली, भिंतीमागं जाऊन कूलरची पिन उपटली आणि दारं सताड उघडली. बाहेरची कोरडी झळ आत घुसली. रुपराव स्टुलावर बसले. अर्धा तास झाला. शंभर माणसांना घाम फुटला, महाराजांचं गंध नाकावर उतरलं, भिंत तेवढी ठणठणीत कोरडी राहिली.

आणि रुपरावांची छाती वाजू लागली. हात स्टुलाच्या कडा शोधू लागले, ओठ काळवंडले.

"मीठ हुंगा," महाराज चिमूट पुढे करत म्हणाले.

प्रयागबाईनं सरळ माठ उपडा केला. पंपांचा ढीग पडला. तिनं लाल दोरा शोधला आणि पंप नवऱ्याच्या तोंडाला लावला. एक फवारा, मग दुसरा. हळूहळू शिट्टी उतरली. तिनं खाली बसून त्यांचा हात धरून ठेवला.

"पण मले तर इतके दिवस बरं वाटत होतं," रुपराव पुटपुटले.

"वाटणारच ना. अर्धा तास थंड्या खोलीत बसत होते, आन् घरी रोज पंप घेत होते. काम पंपानं केलं, नाव भिंतीचं झालं."

गर्दीतला एक म्हातारा खाली बसला आणि ढिगातून आपला पंप शोधू लागला. मग दुसरी बाई बसली, मग सगळेच. तेवढ्यात महाराज मागच्या दारानं पसार झाले. कूलर मात्र तिथंच राहिला.

तर बाबांनो, मीठ भाजीत घाला आणि पंप खिशात ठेवा. भिंत रडताना दिसली, तर हात जोडण्याआधी एकदा तिच्यामागं जाऊन पाहून या.