कोपऱ्याखालचं नाव

आमच्याकडे रोमानियात विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं: पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात नाव लिहायचं, कोपरा दुमडायचा आणि डिंकाने चिकटवायचा. तपासणाऱ्याला फक्त उत्तरं दिसतात. गुण पक्के झाले की मगच कोपरा फोडतात. एकदा परीक्षा संपली की सगळे ही पद्धत विसरून जातात. स्मारांदा व्लाइकू विसरल्या नव्हत्या.

क्लुजमध्ये चाळीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या या बाईंनी अकरा वर्षं आमच्या समितीकडे एकच मागणी लावून धरली होती. प्रयोगशाळेतल्या मोठ्या लेझरवर काम करायचे तास वाटताना प्रस्तावांवरची नावं झाका. दर वर्षी वीसेक प्रस्ताव येतात, जागा सहाच. बाईंनी अकरा वर्षांतल्या सहासष्ट जागांचा तक्ता करून आमच्या व्हरांड्यात लावला होता. त्यातल्या एकोणसाठ जागा चार प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांना गेल्या होत्या. बायका पाच. लहान गावातलं कोणी नाही, भटक्या रोमा जमातीतलं कोणी नाही, हंगेरियन कोणी नाही. मी हंगेरियन आहे, पण मी समितीची सचिव. मला तास मिळत नाहीत, मी ते नोंदवते.

यंदा समितीने एकदाची मान्यता दिली. समितीतले सर्वांत ज्येष्ठ सदस्य ओक्तावियान बुदा यांनी आपण काय शाळकरी पोरं आहोत का, असं विचारून घेतलं. बाई म्हणाल्या, शाळकरी पोरांना जेवढा न्याय मिळतो तेवढा मोठ्यांना मिळाला तरी पुष्कळ आहे.

त्या असं का म्हणतात ते मला ठाऊक होतं. त्यांचे वडील झिऊच्या खोऱ्यात कोळसा काढायचे. शहात्तर साली कोपरा चिकटवलेल्या पेपरावर त्या देशात तिसऱ्या आल्या. त्यानंतर प्रत्येक अर्जावर नाव उघडं होतं, आणि प्रत्येक मुलाखतीत कोणीतरी विचारलं की मुलांना कोण सांभाळणार. तेव्हा त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं. ‘आयुष्यात एकदाच मला न बघता तपासलं,’ त्या म्हणायच्या, ‘तेवढ्या एका दिवसावर मी इथवर आलेय.’

बैठकीच्या आदल्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि स्वतःचा प्रस्ताव पुढे केला. मी त्यांच्यासमोर कोपरा चिकटवला आणि नऊ हा क्रमांक घातला. सप्टेंबरात त्या निवृत्त होणार होत्या. लेझरने घडवलेल्या एका अणुकेंद्राचं आयुष्य त्या बारा वर्षं मोजत होत्या. त्यांच्या आलेखात एका ठिकाणी लहानसा उंचवटा येत होता, आणि सिद्धान्ताप्रमाणे तिथे काहीच असायला नको होतं. तो उंचवटा खरा असेल तर ते मोठं काम होतं. हे शेवटचे तास मिळाले नाहीत तर ते काम तिथेच थांबणार होतं. मी म्हटलं, बाई, आता तुमचं नाव मोठं आहे, ते उघडं ठेवलं असतं तर तास एका मिनिटात मिळाले असते. त्या नुसत्या हसल्या.

अर्जदाराला मत नव्हतं. पण अर्जदाराने खोलीत बसू नये, असं कलम लिहायचं कोणालाच सुचलं नव्हतं. बाईंनी अर्ज केलाय हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. नवी पद्धत बघायला म्हणून त्या तोंड न उघडण्याच्या अटीवर खिडकीशी बसल्या. मार्चचा पहिला आठवडा होता. त्यांच्या कोटावर वसंताच्या स्वागताला आमच्याकडे बायका लावतात तो लाल-पांढरा दोरा टाचलेला होता. टेबलावर कोव्रिगींची, म्हणजे कड्यासारख्या खारट पावांची, पिशवी होती. सातही सदस्य कुरकुरत आले आणि तासाभरात इतके तावातावाने भांडू लागले की कॉफी निवून गेली. समोर कोण आहे हे कळत नसल्यामुळे त्यांना मजकूर वाचावाच लागत होता. मी सचिव म्हणून नऊ बैठका पाहिल्या आहेत, अशी एकही पाहिली नव्हती.

चौदा क्रमांकावर बुदा खूष झाले. ही मांडणी आपल्याच हाताखाली शिकलेल्या माणसाची आहे, लपवून लपत नाही, असं सांगून त्यांनी दहापैकी दहा दिले. बाकीच्यांनाही तो आवडला होता.

मग नऊ क्रमांक आला. 

बुदांनी चष्मा वर केला. “कल्पना चांगली आहे,” ते म्हणाले, “पण याने मोजणीयंत्राभोवतालच्या शिशाच्या भिंती स्वच्छ धरल्यात. साध्या शिशातही थोडा किरणोत्सर्ग असतो, तो वजाच केलेला नाही. हा उंचवटा निसर्गाचा नाही, भिंतीचा आहे. घाईतल्या पोराचं काम. चार.”

मी खिडकीकडे बघायचं टाळलं, तरी बघितलंच. बाई पुढे वाकून भराभर काहीतरी लिहीत होत्या. त्यांचे कान लाल झाले होते.

दुपारी गुण पक्के झाले, सह्या झाल्या आणि मी कोपरे फोडायला घेतले. चौदा क्रमांक पहिला आला होता. बुदांनी अभिनंदनासाठी फोनही हातात घेतला होता. मी नाव वाचलं: लुमिनित्सा काल्दरारू, बर्लाद या लहानशा गावातल्या शाळेतल्या शिक्षिका. आडनाव भांडी घडवणाऱ्या रोमांचं. ते ऐकून कोणाला काही विचारावं लागलं नाही.

“ही माझ्याकडे कधीच नव्हती,” बुदा म्हणाले.

“नसेल,” शेजारचा म्हणाला, “पण दहा गुण तुमचेच आहेत, साहेब.”

सगळे हसले, थोड्या वेळाने बुदाही. मी पुढचे कोपरे फोडत गेले. नऊ क्रमांक सतरावा आला होता. मी बाईंचं नाव वाचलं. बुदा उठून उभे राहिले. लेझरच्या देखभालीचे दोन दिवस पुढे ढकलता येतील, सातवी जागा करू, असं ते म्हणाले. सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. माझीही डोलली.

बाईंनी अट मोडली.

“ओक्तावियान, ते शिशाचं पुन्हा सांग.”

“स्मारांदा, तुझं आहे हे माहीत असतं तर मी असं बोललो नसतो.”

“तेच विचारतेय. बारा वर्षं माझे अहवाल वाचतोयस. आधी का नाही सांगितलंस?”

बुदांनी चष्मा काढला. “वर तुझं नाव असायचं. वाटायचं, हिने ते बघितलंच असणार.”

“नव्हतं बघितलं,” बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांचा आवाज वर्गात एखाद्या पोराने अवघड गणित सोडवल्यावर व्हायचा तसा झाला होता. “नव्हतंच बघितलं मी. आणि सातवी जागा नको. कोपरा फोडल्यावर जागा वाढणार असतील, तर पुढच्या वर्षी सगळे उघड्या नावानेच येतील. इल्दिको, लिही. सहा.”

मी सहा लिहिलं. त्या तोवर बुदांच्या बाहीला धरून दाराकडे निघाल्या होत्या. त्या भिंतींमधला एक तुकडा तळघरात पडून होता, आणि तो मोजायला लेझर लागत नव्हता, किरणोत्सर्ग मोजणारा साधा गणक पुरत होता. बुदा सांगत होते की त्यांना जेवायचं आहे. बाईंनी कोव्रिगींची पिशवी त्यांच्या हातात दिली.

मी बर्लादला फोन लावला. लुमिनित्सा वर्गात होत्या. त्यांनी माझं बोलणं दोनदा ऐकलं, मग फोन तसाच ठेवून वर्गाला सांगितलं, आणि पुढची दोन मिनिटं मला फक्त बाकं वाजताना ऐकू आली.

तुकडा चार दिवस गणकाखाली राहिला. पाचव्या दिवशी सकाळी बाई नवा आलेख घेऊन आल्या आणि तो माझ्या टेबलावर पसरला. शिशाची गणती वजा केल्यावर उंचवटा उरला नव्हता. नवा शोध गेला होता. पण तो गेल्यावर बारा वर्षांचे सगळे आकडे एकमेकांशी जुळत होते, आणि त्या अणुकेंद्राचं इतकं अचूक मोजमाप अजून कोणी केलेलं नव्हतं. छापायला एकही नवा तास लागणार नव्हता. “सपाट आहे, बघ, किती सपाट आहे,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि रेषेवरून बोट फिरवत होत्या.

त्यांच्यामागून बुदा आत आले. त्यांनी खांद्यावरून आलेख पाहिला आणि दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा आपल्याला पटत नाही असं सांगितलं.

बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.