आत्याचा हिरवा ठिपका

आमच्या घरी चपलांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर एक काळी पेटी आहे. जुना कॉम्प्युटर, चार हार्ड डिस्क आणि सतत घरघरणारा पंखा. वीस वर्षांत गोळा केलेले सिनेमे, मालिका, घरातल्या लग्नांचे व्हिडिओ, सगळं तिच्यात कोंबून मी ते इंटरनेटवरून नातेवाइकांना खुलं करून दिलंय. फुकटचं म्हटल्यावर तक्रार करायला कुणाच्या बापाचं काय जातं! चित्र अडकलं की फोन मला, आवाज मागे पडला की फोन मला. बायको मला ‘केबलवाला’ म्हणते, आणि आत्यानेही तेच उचललंय.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होती, आता आठ तासांच्या अंतरावर एकटी राहते. रोज दुपारी चारला ती पेटीतली एक जुनी मालिका लावायची. चाळीस चाळीस मिनिटांचे दोन भाग, त्याच्यावर एक मिनिट नाही. रिमोट तिला जमला नाही तर मी इथून माझ्या फोनवरूनच भाग लावून द्यायचो. कोण काय बघतंय ते मला दिसतं. नावापुढे हिरवा ठिपका असला की चालू.

त्या ठिपक्याने आम्हाला आळशी केलं. परदेशातून ताई विचारायची, “आत्या बरी आहे ना रे?” मी ठिपका बघायचो आणि कळवायचो, “बरी आहे, बघतेय.” विषय संपला. आत्याला फोन करणं आम्ही कधी सोडलं, ते दोघांनाही सांगता येणार नाही.

आणखी एक उद्योग मी करून ठेवला होता. तासभर बटण दाबलं नाही की पडद्यावर प्रश्न यायचा, ‘तुम्ही अजून बघत आहात का?’ आत्या भडकायची. “ऐन रंगात आलं की हा कोण मला विचारणारा? मी काय मेलेय?” रोजची कटकट नको म्हणून मी तो प्रश्नच काढून टाकला. माझा पेशा लिफ्ट दुरुस्तीचा. दाराचा बझर कानाला त्रास देतो म्हणून कुणी वायर तोडली तर मी त्याला चार शब्द सुनावतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण.

त्या रविवारी सकाळी आठ वाजता दाढी करता करता सहज फोन बघितला. आत्याचा ठिपका हिरवा होता. भाग पंचावन्नावा.

आदल्या दिवशी चारला एकतिसावा लागला होता, ते मला आठवत होतं. मी साबणाच्या हाताने हिशोब केला. चोवीस भाग, सोळा तास. एकामागून एक भाग आपोआप लागत गेले होते आणि मधे विचारणारं कुणी नव्हतं. शनिवारी रात्री नऊला ताईने विचारलं होतं, आणि मी ठिपका बघून वर थट्टा केली होती, “म्हातारी आज रंगात आलीये. अजून बसलीये.”

फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला. सहाव्यांदा बायकोने हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाली, “झोप लागली असेल खुर्चीत. आधी कुणाकडे किल्ली आहे ते बघ.”

किल्ली आत्याच्या घराखाली दुकान असलेल्या शिंपीणबाईंकडे होती, आणि त्यांचा नंबर ताईकडे. बाई दुकानाजवळ राहत नाहीत. “निघतेच,” म्हणाल्या, “पण गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. पाऊण तास तरी लागेल.” ताईने तिथल्या हॉस्पिटलला फोन करून अँब्युलन्सही बोलावली.

पाऊण तास. मी पेटीसमोर जमिनीवर बसलो. पंखा घरघरत होता, म्हणजे इथून चित्र आणि आवाज तिच्या खोलीत जात होता. कुणासाठी?

मग मला एक युक्ती सुचली. मालिका मधेच बंद पडली की आत्या दोन मिनिटांत फोन करते, “अरे केबलवाल्या, तुझा डबा मेला!” आजवर एकदाही चुकली नव्हती. खुर्चीत झोपली असेल तर आवाज थांबल्यावर जागी होईल, जागी असेल तर चिडेल. मी इथून मालिका बंद केली. ठिपका विझला.

दोन मिनिटं गेली. पाच गेली. बायको शेजारी येऊन बसली. दहाव्या मिनिटाला मी मनातल्या मनात म्हटलं, गेली. आणि मी मोठ्याने रडलो. चेहऱ्यावरचा साबण तसाच वाळला होता.

नऊला दहा मिनिटं कमी असताना शिंपीणबाईंचा फोन आला. मागे कुणीतरी स्ट्रेचर आपटत होतं. “बाथरूमच्या दारात पडल्यात. मांडीचं हाड गेलंय म्हणतात. पण आहेत हो, श्वास आहे!”

संध्याकाळी मी तिच्या पलंगाशी पोचलो. ओठ फुटले होते, आवाज खोल गेला होता, पण मला बघून म्हणाली, “आला का केबलवाला!” मी तिचा हात धरला. सोडवेना.

“पहिला भाग संपत आला होता,” ती थांबत थांबत सांगायला लागली, “उठले आणि पाय घसरला. हलता येईना. फोन स्वयंपाकघरात. पण बाहेर माणसं बोलत होती ना. भाग मोजत होते मी. म्हटलं, लाइन चालू आहे, सोडायची नाही. रात्रपाळीला तसंच करायचो आम्ही. आणि सकाळी एकदम सगळं गप्प झालं. फोनही वाजायचा थांबला. मला वाटलं, मी गेले बरं का.”

मला ‘लाइट गेले असतील’ म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

“आत्या, मीच बंद केलं. तू जागी आहेस का बघायला.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“मग पुन्हा लावायचंस ना रे,” ती म्हणाली. “मी ऐकत होते.”