पोटावरची नऊ घरं

चार वर्षांच्या हर्षूला शरीराचा एकच भाग ठाऊक होता, तो म्हणजे पोट. गुडघा आपटला तरी त्याचं पोट दुखायचं, शाळेत जायचं नसलं तरी पोटच. म्हणून त्या शनिवारी सकाळी तो पाय दुमडून सोफ्यावर पडला, तेव्हा त्याच्या आईने, अक्षदाने, आधी कानाडोळा केला. पण त्याने समोरच्या घावनाला हातसुद्धा लावला नाही, तेव्हा ती हातातलं काम टाकून त्याच्याजवळ आली.

कुठे दुखतंय, असं विचारलं तर त्याने छातीपासून जांघेपर्यंत हात फिरवला.

सासूबाईंनी, म्हणजे कौसल्याबाईंनी, निदान करूनही टाकलं. "बेंबी सरकलीहा. काल सोफ्यार उड्यो मारल्यान. तेल लावून चोळतंय, बसतली जाग्यार."

अक्षदाने त्यांना हळूच थांबवलं. अपेंडिक्स असेल तर पोट चोळणं महागात पडतं, हे तिने वाचलं होतं, आणि असलं वाचलेलं विसरणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्याच लेखात पोटाचे नऊ भाग दाखवले होते: वरचे तीन बरगड्यांखालचे, मधले तीन बेंबीच्या रांगेतले, खालचे तीन ओटीपोटाचे. ती हर्षूसमोर मांडी ठोकून बसली आणि काजळाने त्याच्या पोटावर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा ओढल्या.

"ह्या काय गो?" सासूबाई म्हणाल्या. "दृष्ट लागू नये म्हणान काजळ गालार लावतत."

हर्षूला गुदगुल्या होत होत्या. मात्र एका घरावर बोट टेकलं आणि तो कळवळला. खालच्या ओळीतलं, उजवं, म्हणजे नेमकं अपेंडिक्सचं. अक्षदाने पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा तेच. परळच्या डॉक्टरबाईंना फोनवर तसं सांगितलं, तर त्यांचा आवाजच बदलला. काही खायला-प्यायला न देता लगेच घेऊन या, म्हणाल्या.

टॅक्सीत सासूबाई पुढे बसून देवाला साकडं घालत होत्या. मागे अक्षदाने हर्षूला मांडीवर घेतलं, त्याची पाठ आपल्या छातीला टेकवून. राहवेना म्हणून तिने शर्टाखाली हात घालून उजवी बाजू चाचपली. तो मजेत खिडकीबाहेर बघत राहिला. डावीकडे दाबलं मात्र, तो ओरडला.

क्षणभर तिला काही कळेना. मग कळलं. घरी ती त्याच्या समोर बसली होती. तिने सांगितलेलं उजवं तिचं होतं, त्याचं नव्हे.

"उजवं-डावं नेहमी पेशंटचं धरायचं, आपण कुठेही बसलो तरी," दवाखान्यात तिने हे कबूल केल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी सगळं पोट तपासलं, शी कधी झाली ते विचारलं. गुरुवारपासून नाही, हे दोघींनाही आत्ता कुठे आठवलं. अपेंडिक्स वगैरे काही नव्हतं. तिथेच औषध दिलं आणि थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

बाकावर अक्षदाने सासूबाईंचा हात धरला. "तुम्हाला चोळू दिलं नाही, राग आला का?"

"राग कसलो? माका पण भिया वाटला, म्हणान गप ऱ्हवलंय," त्या म्हणाल्या आणि तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

तेवढ्यात हर्षू ताठ उभा राहिला. "आई, शी."

दोघी एकदमच उठल्या.