पहिला डोस

पैसेवाल्यांची दारं झिजवून एनिको पार थकली होती. सेगेड शहरातल्या तिच्या छोट्या कंपनीने आखडत जाणाऱ्या फुप्फुसांवर औषध शोधलं होतं. पण बाझेलला जा की म्युनिकला, पालुपद एकच: औषध उत्तम आहे हो, आधी दुसरं कुणी पैसे घालू दे, मग आम्ही आहोतच. काठावर उभं राहून 'तू आधी, तू आधी' करणारी ही मंडळी! अखेर व्हिएन्नाच्या एका फंडाने हो म्हटलं, तेही हप्त्यांनी. महिनाअखेरपर्यंत चाचणीतल्या पहिल्या रुग्णाला पहिला डोस गेला तरच दुसरा हप्ता. नाही तर कंपनीला कुलूप.

आज महिन्याचा शेवटचा दिवस. पहिले रुग्ण, जन्मभर ट्राम चालवलेले गाश्पारकाका, हॉस्पिटलच्या खाटेवर तयार बसले होते. ताप असलेल्याला डोस द्यायचा नाही, हा चाचणीचा नियम. नर्सने ताप पाहिला, नव्हता. डॉक्टर औषध आणायला गेले, तसं एनिकोला हायसं वाटलं.

काकांनी तिला खुणेने जवळ बोलावलं. "पहाटे ताप होता. तापाची गोळी खाऊन आलोय. कुठे बोलू नकोस."

एनिको खाटेच्या कडेला बसली. चूक तिचीच. रुग्णांच्या बैठकीत कुणीतरी सहज 'कसं चाललंय' विचारलं, आणि हिने हप्त्याचं सगळं रडगाणं गायलं होतं.

"अहो काका, अशा तापात औषध उलटलं तर?"

"उलटू दे. मी पिकलं पान. पैसे थांबले तर माझ्यामागे या औषधाची वाट बघणाऱ्या पोरांचं काय, सांग."

खोटं कशाला बोला, तिचं मन डळमळलं. नुसतं गप्प बसायचं होतं. पण ती उठली, आणि पाय ओढत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगून आली. औषध परत फ्रीजमध्ये गेलं. मग तिने मुदत वाढवून मागायला व्हिएन्नाला फोन लावला. त्यांनी काकांच्या तब्येतीची अगदी आपुलकीने चौकशी केली आणि करार म्हणजे करार, असं सांगून फोन ठेवला.

ती परतली तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने पांघरूण सारखं केलं. आता पुन्हा तीच दारं, या विचाराने तिला रडू आलं.

"जन्मभरात एकदाही सिग्नल मोडला नाही मी," काका भिंतीलाच म्हणाले. "आज पहिल्यांदा मोडला, तोही तुझ्यासाठी. आणि पकडलंस तूच."