मासळीच्या पिपातला दगड

मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे. इजिप्तमधल्या रशीद गावात उम्म हिलाल नावाच्या बाईचे खाऱ्या मासळीचे दुकान आहे. तिथल्या पिपात बोय मासे मिठाच्या पाण्याखाली दाबून धरणे हे माझे काम. माझ्या अंगाला वास येतो, हे आधीच सांगून टाकतो.

पूर्वी मी नदीकाठच्या किल्ल्याच्या भिंतीत होतो. रशीदला परदेशी लोक रोझेटा म्हणतात, म्हणून माझ्या शेजाऱ्याला सारे जग रोझेटाचा दगड म्हणते. भिंत पाडली तेव्हा त्याच्या अंगावर अक्षरे निघाली, म्हणून तो लंडनला काचेत जाऊन बसला. माझे अंग कोरे निघाले, म्हणून मी गाढवावरून या घरी आलो. दोघे एकाच भिंतीतले! गावात येणारा प्रत्येक प्रवासी त्याचीच चौकशी करतो. किल्ल्यात त्याची नुसती नक्कल आहे, तरी तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

यंदा वसंताचा सण तोंडावर आला होता. त्या दिवशी सारे गाव नदीकाठी बसून खारी मासळी आणि कांद्याची पात खाते. कैरोहून गाव बघायला आलेली लमीस दुकानात शिरली, पिपात वाकली आणि थबकली.

“हाज्जा,” ती उम्म हिलालला आदराने म्हणाली, “हा दगड किल्ल्यातला ना? याच्या कडेला काहीतरी कोरलंय.”

“असेल बाई. मी इथं सून म्हणून आले तेव्हापासून तो पाण्यातच आहे.”

“रोझेटाच्या दगडाचे तुटके तुकडे अजून सापडलेले नाहीत. हा त्यातलाच असला तर?”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दोघींनी मला उचलून बाहेर ओट्यावर ठेवले. माणसे जमली.

“उम्म हिलाल, आता दुकान लंडनला काढ,” समोरचा न्हावी म्हणाला.

“काढते की. पण तिथल्यांना वास झेपायला हवा.”

लमीसने मला घासून धुतले, बोट फिरवले आणि ती हसू लागली. “सुरीला धार लावल्याच्या रेघा आहेत या.”

माणसे पांगली. मी उन्हात तसाच पडून राहिलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात उम्म हिलाल आतून ओरडली, “अगं, मासे वर आले! धर त्या दगडाला, आधी आत घाल. उघडा पडलेला मासा विष होतो. सणाला गाव काय खाईल?”

वर आलेले मासे तिने फेकून दिले आणि मला पुन्हा पिपात बसवले.

“चुकलं माझं, हाज्जा. उगाच हलवलं याला,” लमीस म्हणाली.

“असू दे. तो लंडनवाला इथून गेला, तरी गावाचा एक घास कमी झाला नाही. हा घटकाभर उठला, तर बघ काय झालं.”

मित्रांनो, माझा हेवा अजून गेलेला नाही. पण तुमच्याही घरात काही वस्तू गुपचूप भार धरून बसल्या असतील. त्यांचे कौतुक जागेवरच करा, उचलू नका. आणि लंडनला गेलात तर त्या काचेतल्याला जरूर विचारा, की सणाला त्याच्यावाचून कुणाचे अडते का. उत्तर मला येऊन सांगा. मी इथेच आहे.