साजबर्डीवरचं विमान

"विमान आलंच नाही, बाई," धोंडबानं जंगलातल्या चौकीवरून वायरलेसवर पुन्हा सांगितलं. "साजबर्डीची टेकडी जळून राहिली, अन् वर कावळाबी दिसून नाही राहिला."

प्रेमिलानं हेडफोन कानावर दाबून धरला. थोड्याच वेळापूर्वी याच यंत्रातून वैमानिक कॅप्टन भल्लाचा आवाज आला होता, "साजबर्डी पे पानी गिरा दिया, मॅडम." दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. कोण, याबद्दल नागपूरच्या वनखात्याच्या त्या कचेरीत कुणालाच शंका नव्हती.

चौऱ्याऐंशीचा उन्हाळा. एरवी कपाशीवर औषध फवारणारं एक लहानसं विमान सरकारनं मुंबईच्या कंपनीकडून जंगलातल्या आगी विझवायला भाड्यानं घेतलं होतं. पाण्यात खताची पांढरी पूड कालवून ते सोनेगावच्या विमानतळावरून उडे. कंत्राट नेमकं त्याच कंपनीला कसं मिळालं, यावर रोज चहासोबत कुजबुज चाले. गॉगल लावून, शीळ घालत भल्ला कचेरीत शिरला की प्रेमिलालाही तो लबाडच वाटे.

"पण त्याच्या बोलण्यामागं इंजिनाचा आवाज मी स्वतः ऐकला," ती हेडक्लार्क चंद्रभानला म्हणाली.

"जमिनीवर उभं करून इंजिन चालू नाही करता येत काय वं? तुमीबी भोळ्याच हा."

कचेरीचे प्रमुख मधुकरराव साहेबांनी ऐकून मान डोलावली. "सोमवारी वरच्या साहेबांपुढे 'विमान आलंच नाही' हेच सांगा. कंत्राट रद्द होईल, आणि त्या कॅप्टनचं लायसन्सही जाईल."

इंदोरा वस्तीतल्या तिच्या गल्लीत सरकारी नोकरी लागलेली ती पहिली बाई, आणि ती नोकरीही अजून कच्चीच. आपल्या एका शब्दावर कुणाची भाकर जाणार असेल, तर आधी डोळ्यांनी पाहावं असं तिला वाटलं. रविवारी एसटीनं ती पारशिवनीला उतरली आणि पुढं बैलगाडीनं धोंडबाच्या चौकीवर पोचली.

धोंडबा हा तिथला उन्हाळ्यापुरता ठेवलेला पहारेकरी. आवाजावरून तिला तो धिप्पाड वाटला होता. समोर आला तो काटकुळा, भुवया होरपळलेला माणूस. तिला पाहून तो गडबडला.

"तुमी काहून आल्या, बाई?"

"साजबर्डी दाखवा मले."

टेकडी अर्धी काळी झाली होती, अर्धी शाबूत. मधल्या पट्ट्यातल्या सागाच्या पानांवर पांढरे ओघळ वाळले होते. प्रेमिलानं एका पानावरून बोट फिरवलं. बोटाला पूड लागली.

"हे काय होय, धोंडबाजी?"

तो पायानं राख उकरू लागला. "आगी लागते म्हनून उन्हाळाभर आमाले रोजीवर घेते," तो म्हणाला. "विमानच विझवाले लागलं, तं आमाले कोन बलावते? चौकीवरच्या साऱ्या मानसायचं पोट या आगीवरच हाय."

"अन् त्या कॅप्टनचं?"

"त्याले दुसरं विमान भेटन." पण हे बोलताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी ती वरच्या साहेबांपुढे उभी राहिली. "विमान आलं होतं, साहेब. मी जाऊन पाहिलं. पानांवर पूड आहे."

"म्हणजे चौकीवाला खोटं बोलला?"

"नाही. यंत्रात खरखर होती. माझ्या ऐकण्यात चूक झाली."

साहेबांनी चष्मा काढला. "रविवारी, आपणहून, जंगलात गेलात? कंपनीनं गाडी दिली होती का?"

"एसटीनं गेले."

"बरं," साहेब म्हणाले. त्या 'बरं'मध्ये सगळा संशय आला.

कंत्राट टिकलं. भल्ला पेढ्यांचा पुडा घेऊन आला. तिनं त्याला हातही लावला नाही, पण पुडा आला एवढंच कचेरीनं पाहिलं. आठवड्याभरात तिला वायरलेसवरून काढून टपालाच्या टेबलावर बसवलं. नवी साडी नेसून आली, की चंद्रभान पदरापासून काठापर्यंत नजर फिरवी.

एका दुपारी धोंडबा फाटकात उभा दिसला. अंगात धुतलेला खाकी सदरा होता. "वायरलेसवर दुसराच मानूस बोलून राहिला, तवा समजलं. साहेबाले खरं सांगाले आलो."

तिनं त्याला रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर नेलं. "काहून? तुमचं काम जाईन, अन् माहं वापस येत नाही."

"मले झोप नाही लागून राहिली, बाई."

"मंग जागे राहा!" ती तडकून म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "डोंगराकडे ध्यान ठेवा. अन् विमान आलं तं आलं म्हना."

धोंडबानं उभ्यानंच चहा संपवला, पेला स्वतः विसळून पालथा घातला आणि तो बसस्टँडकडे चालू लागला. वळणावर दिसेनासा होईपर्यंत ती उन्हात उभी होती.

ती आत आली तर चंद्रभान खिडकीशीच उभा होता. "कोन होता वं तो? कंपनीचा मानूस?"

"ओळखीचा होता."

तिनं पुढचं पाकीट ओढलं, कडेला डिंक लावला आणि ते चिकटेपर्यंत तळहातानं दाबून धरलं.