शकुबाईच्या चादरी

माझं माहेर मोहगावचं. आमच्या घरी चादर कधी धुवायची याला नियम नव्हता. ती मळलेली कोणाच्या तरी डोळ्यांना दिसली की धुवायची, आणि त्या कामाला आमच्यापैकी कोणाचेच डोळे तयार नसायचे. लग्न होऊन पांढुर्ण्याला आले, तर तिसऱ्याच सकाळी सासूबाईंनी, म्हणजे शकुबाईंनी, माझ्या गाऊनकडे बोट दाखवून विचारलं, "सुचिता, हा कालही होता ना अंगात?"

"हो, आई."

"आन् परवा?"

मी मान डोलावली. त्यांनी लांब श्वास घेतला. सून नाही, चूक घरात आली असं त्या श्वासात होतं.

"दिवसाचे कपडे लोकाले दिसते म्हणून सारेच धुते," त्या म्हणाल्या. "रात्रीचे आपल्याले माहीत असते म्हणून धुवाचे."

तेव्हापासून मी या घरचा कायदा शिकले. रात्रीचे कपडे दिवसाआड. चादरी आणि उशांच्या खोळी दर रविवारी, नळ येवो न येवो. गोधड्यांना महिन्यातून एकदा ऊन आणि मोगरीचा मार. आजारी माणसाचं सगळं वेगळं, उकळत्या पाण्यात. पांढऱ्याला शेवटी नीळ. माझा नवरा गौतम या सगळ्यात जन्मलेला, त्याला यात काही विचित्र वाटायचं नाही. सासरे नत्थूजी नगरपालिकेतून रिटायर झालेले. ते एकदा माझ्याजवळ हळूच म्हणाले, "हंड्यात मावलो नाही म्हणून वाचलो बापा, नाहीतर मलेही उकळलं असतं तिनं."

मला आधी हे वेडच वाटायचं, आणि मी तसं तोंड करून दाखवायचेही. मग एका लग्नाच्या वेळी नत्थूजींनी मला त्यामागची गोष्ट सांगितली.

आमच्या गल्लीत कोणाच्या घरी लग्न असलं की पाहुण्यांच्या गाद्या-चादरी भाड्याने आणत नाहीत. एक हातठेला निघतो, दारोदार थांबतो, आणि प्रत्येक घर आपल्या घरचं अंथरूण त्यावर टाकतं. बौद्धांचं घर गल्लीत आमचं एकच. नत्थूजींनी ते बांधलं तेव्हा सासूबाई नव्या होत्या. पहिल्या लग्नाला त्या चादरींची घडी हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. ठेला आला, आणि आमच्या दारापाशी त्याचा वेग वाढला. पुढच्या लग्नालाही वाढला. त्यानंतरही वाढत राहिला. कोणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

सासूबाईंनी भांडण केलं नाही. त्यांनी दोरीवर चादरी टांगल्या. अशा पांढऱ्या, की समोरच्या मालतीकाकूंना सकाळी खिडकी उघडली की डोळे बारीक करावे लागायचे. बरीच वर्षं गेली. मालतीकाकूंच्या नणंदेच्या लग्नात अंदाजापेक्षा जास्त पाहुणे आले, अंथरुणं संपली, आणि नाइलाजाने का होईना, ठेला आमच्या दारात थांबला. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनीच विचारलं म्हणे, ह्या चादरी कोणाच्या घरच्या? तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक लग्नात मुख्य पाहुण्यांना चादर शकुबाईचीच. कोपऱ्यात लाल दोऱ्याने 'श' काढलेला असतो, अदलाबदल होऊ नये म्हणून. परत आलेल्या चादरी त्या मुकाट्याने उकळून घेतात आणि पेटीत ठेवतात. त्या पेटीला हात लावायची आजही मला परवानगी नाही.

हे ऐकल्यावर मी तोंड करणं बंद केलं. गाऊनही दिवसाआड धुवायला लागले.

यंदा मालतीकाकूंच्या संदीपचं लग्न झालं. सून आली लोधीखेड्याची, रश्मी. गोरीपान नाही, पण हसली की घर उजळावं अशी. चादरी गेल्या, परत आल्या, आम्ही दोघींनी मिळून उकळल्या. महिना-दीड महिना गेला आणि नत्थूजी पेपराच्या आड बोटांच्या बेचक्या खाजवायला लागले. मग गौतम. मग मी. रात्र झाली की अंगावर मुंग्या सोडल्यासारखं व्हायचं. सासूबाई शेवटपर्यंत कबूल होत नव्हत्या. पण एका दुपारी मी अचानक स्वयंपाकघरात गेले, तर त्या दाराच्या चौकटीला पाठ घासत होत्या. म्हशीसारख्या, अगदी डोळे मिटून.

"आई, खरूज आहे ही."

"हळू बोल! या घरात? कोणी ऐकलं म्हणजे?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "इथल्या डॉक्टरकडे नाही जायचं. सौंसरले जाऊ."

म्हणून आम्ही सगळे बसने सौंसरला गेलो. सासूबाईंनी कोणी न विचारताच गल्लीत सांगून टाकलं होतं, की मावसबहिणीला भेटायला जाऊन राहिलो. दवाखान्याचा जिना चढलो, दार ढकललं, आणि समोरच्या बाकावर कोण? मालतीकाकू, त्यांचे यजमान मनोहरकाका, संदीप आणि डोक्यावरून पदर घेतलेली रश्मी. ओळीने बसलेले. ओळीने खाजवत असलेले.

दोन्ही घरांचे हात एकदम थांबले.

"आमी जामसावळीले दर्शनाले आलो होतो," मालतीकाकू म्हणाल्या. "म्हटलं ह्यायची शुगर पाहून घ्यावं."

"आमची मावसबहीण—" सासूबाईंनी सुरुवात केली. तेवढ्यात नत्थूजींचा धीर सुटला आणि त्यांनी मनगट बाकाच्या कडेवर खसाखसा घासलं. मनोहरकाकांना हसू आलं. मग नत्थूजींना. हे दोघं रोज दुपारी मनोहरकाकांच्या ओसरीत एकाच गादीवर लोळत पत्ते खेळतात. मला तिथेच सगळा हिशेब लागला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांचा आवाज भर बाजारातही ऐकू जाईल असा होता. एकाच गल्लीतले म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना एकत्रच आत घेतलं. बोटं पाहिली, मनगटं पाहिली.

"खरूजच आहे. दोन्ही घरांत. मलम सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, खाज असो नसो. दुसऱ्या दिवशी रात्रीचे कपडे, चादरी, खोळी, टॉवेल, सगळं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला. एक घर राहिलं तर परत फिरून येईल. आणि लाजू नका, ही घाणीमुळे होत नाही. जवळ बसल्या-झोपल्याने पसरते."

"घाणीनं नाही होत?" सासूबाईंनी विचारलं. इतक्या वर्षांची नीळ वाया गेल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता.

"नाही, आजी. पण धुतल्याशिवाय जाणारही नाही. बरं, पहिली कोणाला सुरू झाली?"

 मालतीकाकूंची मान हळूहळू रश्मीकडे वळली. रश्मीच्या हातात लग्नाचा हिरवा चुडा होता आणि त्याच्या खाली सगळ्यांत जुने, वाळलेले फोड.

"म्हणजे माहेरून घेऊन आली तू," मालतीकाकू दातांतून म्हणाल्या. "मले वाटलंच होतं. लोधीखेड्याच्या लोकायले अंथरूण धुवाची सवय असन तवा ना! आता गल्लीत काय तोंड दाखवू मी?"

रश्मीने हात पदराखाली घेतले. तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. संदीप भिंतीवरचा तक्ता वाचत बसला, गाढव कुठला.

"तिले नोका बोलू, मालतीबाई," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या चादरीतून गेली असन ते."

मी उडालेच. "आई! आपण तर त्या—"

त्यांनी मला असा चिमटा काढला की खाज विसरले.

"तुमच्या लग्नाले दिल्या होत्या ना चादरी? द्यायच्या आधी घाईघाईत उकळायच्या राहून गेल्या माझ्या. नवरा-नवरी त्यावरच झोपली. पोरीचा काय दोष?"

मालतीकाकू त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. सुटका झाल्याचं त्यांच्या तोंडावर दिसलं, आणि मला त्यांचा भयंकर राग आला.

बसमध्ये मी सासूबाईंशेजारी बसले आणि भांडले. खोटं का बोललात? तुमच्या चादरींवर डाग का लावून घेतलात? आता गल्लीत कोण मागणार आहे त्या? त्या खिडकीबाहेरच्या संत्र्यांच्या बागांकडे बघत होत्या.

"त्या पोरीले आताशी दोनच महिने झाले येऊन," त्या म्हणाल्या. "एकदा 'घाणेरड्या घरची' असं नाव पडलं ना सुचिता, तर ते कोणत्याच सोड्यानं निघत नाही. मले माहीत आहे. मी तर घासत आली. तिनं काऊन घासावं?"

मग त्यांचा आवाज फाटला. "पण वाईट वाटून राहिलं मले. लय वाईट वाटून राहिलं." आणि त्या रडल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. माझा सगळा राग कुठे गेला कळलं नाही. मी त्यांचा हात धरला, खाजरा तर खाजरा.

धुण्याचा दिवस मात्र झकास झाला. दोन्ही अंगणांत चुली पेटल्या, हंडे चढले. नत्थूजी आणि मनोहरकाका पत्त्यांची गादी पोत्यात बांधताना असे उदास झाले होते की जणू जोडीदार गेला. सासूबाई गल्लीच्या मधोमध उभ्या राहून मालतीकाकूंना ऑर्डरी सोडत होत्या: "परकर राहिला! उशी कोठी आहे? अवं, उशी!" खाज गेली. बातमी मात्र गेली नाही. शकुबाईच्या चादरीतून खरूज आली, हे मालतीकाकूंनी एकीला सांगितलं, आणि एकीला सांगितलं की गल्लीला पुरतं.

मग गुलाबरावांच्या मुलीचा साखरपुडा आला. सकाळी ठेल्याची चाकं वाजली. सासूबाई दारात होत्या. हातात चादरींची घडी, आणि अंगणात काही काम आहे असं सोंग. पुढे गुलाबराव, ठेला ओढायला संदीप. आमचं दार आलं आणि संदीपने मान खाली घालून वेग वाढवला.

तो वेग मी फक्त ऐकून होते. त्या दिवशी पाहिला.

"थांबा!" समोरून रश्मी ओरडली. ती आपल्या घरच्या गाद्या घेऊन फाटकात उभी होती. "शकुकाकूच्या चादरी राहिल्या."

"असू दे वं पोरी," गुलाबराव म्हणाले. "पुरते एवढ्या."

"नाही पुरत." तिचा पदर डोक्यावरून घसरला, तिने सावरला नाही. "खरूज काकूच्या चादरीतून नोती आली. मी आणली होती. माहेरी माझ्या बहिणीले होती, लग्नाच्या घाईत आमी लपवली. काकूनं दवाखान्यात माझं नाव आपल्या अंगावर घेतलं. आता सांगा, कोणाच्या चादरी नेता?"

गल्लीत जी ती बाई आपल्या ओट्यावर जागच्या जागी उभी. मालतीकाकूंचं तोंड उघडं. मला वाटलं, आता सुनेवर धावतात. त्या ओट्यावरून उतरल्या, रश्मीजवळून तशाच पुढे निघाल्या, गल्ली ओलांडली आणि आमच्या अंगणात आल्या. सासूबाईंसमोर त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"द्या, शकुबाई. मी नेतो."

सासूबाईंनी घडी छातीशी धरली. डोळे भरले होते, पण नाक वर होतं.

"आधी हात धुवा," त्या म्हणाल्या. "साबणानं."

मालतीकाकूंनी आमच्या नळावर हात धुतले. पुसायला मी टॉवेल दिला, त्याच सकाळी उन्हातून काढलेला.